जळक्या हाताची

"अगं, लांब हो! हात लावू नगंस म्हणून किती बारी सांगायचं तुला? त्या तुळशीला तरी जित्ती ऱ्हाऊ दे!"

मधल्या बुटक्या भिंतीवरून राजसबाईचा आवाज आला आणि मानाजीची मान आपोआप खाली गेली. तो आपल्या परसात गुलाबापुढं उकिडवा बसला होता. समोर लाल दोरा बांधलेलं एक बोंड होतं, सुपारीएवढं, हिरव्याचं नारिंगी व्हायला लागलेलं. एरवी असं बोंड पिकायला लागलं की हा गडी अख्ख्या वसाहतीला भिंतीपाशी बोलावून दाखवायचा. हे बोंड मात्र त्यानं पानाआड लपवून ठेवलं होतं.

पलीकडून राजसबाईच्या सुनेचा, कुमुदिनीचा, बारीक आवाज आला. "आई, मी नुसतं पाणी घालत होते."

"तुझ्या घालण्यानंच माझं झाड जळलं! जळक्या हाताची कुठली!"

दार धाडकन लागलं. झाड कुणाच्या हातानं जळलं हे साऱ्या वसाहतीत एकाच माणसाला ठाऊक होतं, आणि तो इथं बोंडापुढं बसला होता.

मद्रासजवळच्या आवडी गावातल्या कारखान्याच्या वसाहतीत ही दोन घरं शेजारी शेजारी. मानाजी माणदेशातला, राजसबाईचे मालक फलटणकडचे; दोघं एकाच शॉपात फिटर. मद्रासचं चेन्नई झालं, पोरं तमिळमध्ये भांडायला लागली, पण या दोन घरांत बोलणं अजून गावाकडचंच. क्वार्टरामागं प्रत्येकाला वीतभर परस. बाकीच्यांनी तिथं स्कूटरी उभ्या केल्या. मानाजीनं त्या तांबूस मुरमाड जमिनीत शेणखत ओतून ओतून गुलाब लावले. नुसते लावून थांबता तर मानाजी कसला! तो त्यांची लग्नं लावायचा. कळी उमलायच्या आधी तिच्या पाकळ्या सोलायच्या, आतले पिवळे तुरे चिमट्यानं काढून टाकायचे, वर कागदाची टोपी घालायची. दुसऱ्या दिवशी दुसऱ्या गुलाबाचे पराग कुंचल्यानं तिच्यावर लावायचे आणि दोरा बांधायचा. मग बोंड धरायचं, बी निघायचं, आणि त्या बियांतून आजवर कुणी न पाहिलेलं फूल यायचं. म्हणजे यायचं असं तो म्हणायचा. आलेली बहुतेक फुलं धड लाल नाहीत, धड गुलाबी नाहीत अशीच असायची. पण त्याचा बाप गाईला वळू निवडायला चार बाजार हिंडायचा, ते वेड याच्यात उतरलेलं.

त्याच्याकडं एक लाल गुलाब होता, चेन्नईच्या उन्हातही बारा महिने फुलणारा. खोट एवढीच की त्याला वास म्हणून नव्हता. आणि वास होता राजसबाईच्या कुंडीत. तिनं माहेरच्या परसातली फांदी ओल्या फडक्यात गुंडाळून आगगाडीतून आणली होती. फूल लहानसं, फिकट, पण उमललं की धुणं वाळत घालणाऱ्या बायका थांबून बघायच्या. माहेरी आता ते परसच राहिलं नव्हतं, भावानं तिथं बंगला बांधला होता. ते झाड म्हणजे राजसबाईचं उरलंसुरलं माहेर.

मानाजीनं एकदा मागून बघितलं. "वैनी, एक फूल द्या की. कांडी नको, फूल बास."

"भावजी, माह्यार कुणी वाटून देतं व्हय?" ती हसत म्हणाली, पण फूल दिलं नाही.

जानेवारीत राजसबाईच्या घरातली सगळी माणसं लग्नाला फलटणला गेली. झाडांना पाणी घालायला किल्ली कुणाकडं? मानाजीकडंच. शेजाऱ्यावर एवढा विश्वास. पहिले काही दिवस त्यानं इमानानं पाणी घातलं. मग एका सकाळी माहेरच्या गुलाबाला एकच कळी टपोरी झालेली दिसली, आणि गड्याचा तोल गेला. घरी जाऊन ब्लेड घेऊन आला, कळी कापून नेली आणि तिचे पराग आपल्या लाल गुलाबावर लावले. त्याच ब्लेडनं त्यानं घटकाभर आधी आपल्या पिवळ्या गुलाबाची रोगानं काळी पडलेली कांडी छाटली होती. ते ब्लेड पुसायचंसुद्धा त्याच्या ध्यानात राहिलं नाही. पोराटोरांना शहाणपण शिकवणारा माणूस, कात्री उकळत्या पाण्यात बुडवा म्हणून सांगणारा! चोरीची घाई, दुसरं काय.

माणसं परत आली तेव्हा झाड हिरवंगार होतं. राजसबाईनं त्याला गावचे तिळाचे लाडू दिले, तेही त्यानं खाल्ले. मग त्या कापलेल्या टोकापासून काळेपणा खाली उतरायला लागला. एक फांदी गेली, दुसरी गेली. त्याच आठवड्यात कुमुदिनीनं कुंडीत आंबट ताक ओतलं होतं. ती चेन्नईतल्याच एग्मोरच्या रेल्वे क्वार्टरात दुसऱ्या मजल्यावर वाढलेली. तिची आई कढीपत्त्याला ताक घालायची, तेवढंच तिचं शेतीचं ज्ञान. झाड वाळलं आणि सारं खापर तिच्या ताकावर फुटलं.

मानाजीनं तेव्हाच तोंड उघडायला हवं होतं. गेलाही होता तो भिंतीपाशी. "वैनी," म्हणाला.

"काय भावजी?"

"न्हाई, ऊन लई वाढलंय यंदा," म्हणाला आणि परत आला.

बोंड पिकलं. त्यानं बी काढलं, ओल्या वाळूत घालून एका डबीत फ्रीजमध्ये ठेवलं.

"चटणीच्या डब्याशेजारी माती कशाला ठिवलीया?" त्याची बायको जयवंता ओरडली.

"गारव्याबिगर ते बी जागं हुत न्हाई."

"आन् ते वैनीचं झाड मेलं तवापास्नं तुमाला रातचं झोप का न्हाई, ते सांगा की."

त्यानं फ्रीजचं दार लावून टाकलं. श्रावणात बी पेरलं. उगवली ती मोजकी रोपं, त्यातली बहुतेक बुडाशी कुजून आडवी झाली. एक राहिलं. त्याची पानं लाल गुलाबासारखी चकचकीत, पण दांड्यावरचे काटे बारीक आणि दाट, थेट राजसबाईच्या झाडासारखे. मानाजीला ते बघून आनंद व्हायचा आणि आनंद झाला म्हणून तो लगेच तोंड फिरवायचा.

नवरात्रात राजसबाईच्या घरी घट बसले. हळदीकुंकवाला वसाहतीतल्या बायका जमल्या. जयवंता तिथून आली ती पदरानं डोळे पुसतच.

"काय झालं गं?"

"काय हुतंय! कुमुदिनीनं घटाला पाणी घालायला तांब्या उचलला, तर वैनीनं तो सगळ्या बायांदेखत हातातनं काढून घेतला. म्हनाली, हिच्या हाताला धान उगवायचं न्हाई. आन् तुमास्नी सांगते, त्या पोरीला दिस गेलेत. असल्या पोरीला असं बोलत्यात व्हय?"

मानाजी खाली बसला. मग त्यानं सगळं सांगितलं, कळी, ब्लेड, काळी कांडी, लाडूसुद्धा. जयवंतानं हातातलं हळदीकुंकवाचं वाण खाली ठेवलं. तिला नवऱ्याचा राग येईना, किळस आली.

"उठा. आत्ता जाऊन सांगा."

"सांगतो. पर त्या रोपाला फूल येऊ दे. हातात कायतरी घिऊन जातो. रित्या हातानं कसं जाऊ?"

"तुमाला फूल बघायचंय. सांगायचं न्हाई."

ते खरं होतं आणि मानाजीला ते कळत होतं. रोप त्या घरी गेलं की पहिलं फूल आपल्याला बघायला मिळणार नाही, एवढ्यासाठी त्यानं ती पोर आणखी बोलणी खात राहू दिली.

त्या साली पावसानं आवडीला पार भिजवून काढलं. दिवाळी गेली तरी आभाळ उघडेना. परसात गुडघाभर लाल पाणी. मानाजीनं रोपाची कुंडी उचलून फळीवर ठेवली, वर पत्रा धरला. रोपाच्या टोकाला कळी धरली होती. पाऊस उघडला, लख्ख ऊन पडलं, आणि सकाळी कळी उमलली. फूल लालच, पण नाक जवळ नेताच मानाजीला घाम फुटला. तोच वास. पावसानं धुऊन काढलेल्या हवेत तो दाबला जाईना. भिंतीवरून पलीकडं गेला.

पलीकडं राजसबाई धुणं वाळत घालत होती. ती थबकली. भिंतीआडून मानाजी बघत राहिला. तिनं हातातलं लुगडं तसंच टाकलं आणि कोपऱ्यातल्या त्या मेलेल्या कुंडीकडं गेली. वाळलेला खुंट तिनं काढून टाकला नव्हता. ती खाली बसली, नखानं खुंटाची साल खरवडायला लागली, आत कुठं हिरवं आहे का बघायला.

"फुटतंय गं! वास सुटलाय बघ! माझं झाड जित्तं हाय!"

कुमुदिनी आतून धावत आली. आपल्यावरचा डाग पुसला, असं तिला वाटलं असणार. तोंड उजळलं होतं पोरीचं. ती कुंडीजवळ वाकली.

"तू लांब हो! सावली नगं पाडूस!"

मानाजीनं रोप उचललं. पलीकडं जायला चार पावलं चालून फाटक होतं, पण तो भिंतच ओलांडून गेला, पिकल्या केसांचा माणूस. कुंडी राजसबाईपुढं ठेवली.

"वैनी, वास ह्याचा हाय. तुमचं झाड न्हाई फुटायचं. ते म्या मारलं."

मग तो बोलत गेला. मध्ये थांबला असता तर पुन्हा बोलू शकला नसता. राजसबाई ऐकत होती आणि तिची नखं अजून खुंटाच्या सालीत होती.

"मी तुमास्नी किल्ली दिली हुती, भावजी," एवढंच ती म्हणाली.

कुमुदिनीनं मात्र विचारलं. "काका, हे रोप कधी उगवलं?"

"श्रावणात."

"म्हणजे घट बसले तेव्हा तुम्हाला माहीत होतं."

मानाजीला मान हलवावी लागली.

राजसबाई उठली. सुनेकडं बघायची तिची छाती होईना. तिनं तांब्या भरून आणला आणि सुनेपुढं धरला. "सूनबाई, घाल बाई पाणी ह्याला. तुझ्याच हातानं."

"मी नाही घालणार, आई. माझा हात जळका आहे." आणि ती आत निघून गेली.

तांब्या राजसबाईच्या हातात तसाच राहिला. मग तिनं तो मानाजीच्या हातात आदळला. "तुमी घालायचं. रोज यिऊन घालायचं. आन् भिंतीवरनं न्हाई, फाटकातनं यायचं."

तेव्हापासून मानाजी रोज सकाळी कारखान्याच्या भोंग्याआधी तांब्या घेऊन फाटकातून जायला लागला. त्या वेळी सगळी वसाहत दारात असते. बायका विचारत, आणि राजसबाई कुणाला काही झाकून सांगत नव्हती. सुनेबद्दल बोलताना मात्र तिचा आवाज खाली यायचा. कुमुदिनी जेवण वाढायची, औषध द्यायची, पण परसाच्या उंबऱ्याबाहेर पाऊल टाकायची नाही, आणि मानाजीशी तर एक शब्द बोलायची नाही. सासूनं दोनदा बोलावलं, तिनं ऐकू न आल्यासारखं केलं.

थंडी सरली. एका रात्री मानाजीला ताप भरला आणि सकाळी उठायला उशीर झाला. ऊन चढलं होतं. धापा टाकत तो पोचला तर कुंडीतली माती ओली. बुडाशी वाळकी पानंही वेचलेली. उंबऱ्याच्या आत कुमुदिनी उभी होती, पोट आता चांगलंच दिसत होतं, आणि पावलं ओल्या मातीनं भरलेली.

मानाजीचे डोळे भरून आले. त्यानं हात जोडले. "पोरी—"

"झाडाचा काय दोष, म्हणून घातलं," ती म्हणाली. "तुम्हाला माफ केलं असं समजू नका, काका."

"न्हाई समजत."

"आणि उद्या वेळेवर या."

मानाजी भरलेला तांब्या तसाच घेऊन घरी आला. जयवंतानं विचारलं, पाणी का नाही घातलं. त्यानं सांगितलं, कुमुदिनीनं घातलं, आणि ती माझ्याशी बोलली. आणि कॉटवर पडल्या पडल्या, अंगात ताप असताना, त्याला कितीतरी महिन्यांनी गाढ झोप लागली.