फराळबाबाचा गुण

निलंग्याच्या वाटेवरच्या मांडवात उभं राहायला जागा नव्हती. फराळबाबाने चार वर्षांच्या तनुजाला उचलून गर्दीला दाखवलं.

"आली तवा निसती हाडं हुती! औषध न्हाई, सुई न्हाई. माझी भगर आन् राजगिरा!"

जयघोष झाला. तनुजाची आई मंजुश्री रडत पाया पडली. वर्षभर पोरीला अन्न पचत नव्हतं. मांडवात राहून ती खरंच सावरली होती.

घरी नेल्यावर पुन्हा जुलाब लागले. पोट फुगलं, हातपाय काड्या झाले.

"घरात विधवा कोन हाय?" बाबाने विचारलं.

होती. नवऱ्याची चुलती, लक्ष्मम्मा. पोरीच्या अंगावर मांस चढावं म्हणून तीच गव्हाची खीर, हुग्गी, करून भरवायची.

"तिच्या हातात भानामती हाय. काढा तिला."

गुण आला की बाबाचा, गेला की बाईचा दोष. बोलण्यात सोय मोठी होती.

मंजुश्रीच्या नवऱ्याने, रविकिरणने, चुलतीला उदगीरला तिच्या भावाकडे सोडलं. जाताना ती एवढंच म्हणाली, "लेकराला उपाशी ठिवू नका."

आता मंजुश्री स्वतः दुधात चपाती कुस्करून भरवू लागली. तनुजा उठून बसेनाशी झाली.

"त्या बाईची सावली राहिलीय घरात," बाबा म्हणाला.

मंजुश्रीने पोरीला खांद्यावर टाकलं आणि नवऱ्यालाही न विचारता लातूरची एसटी धरली.

"बाबाकडं काय खायची?" डॉक्टर शिल्पांनी विचारलं.

"भगर, राजगिरा."

"आणि घरी?"

"चपाती. हुग्गी."

डॉक्टरांनी रक्त तपासलं, दुर्बिणीतून आतड्याचा तुकडा काढून तपासला. मग समजावलं, "आपल्या पेशींवर काही रेणू असतात. प्रथिनांचे बारीक तुकडे खाचेत धरून ते शरीराच्या सैनिक पेशींना दाखवतात. तनुजाच्या रेणूंची खाच जन्मतः अशी आहे, की गव्हातला तुकडा तिच्यात घट्ट बसतो. तिचे सैनिक त्यालाच शत्रू समजतात, आणि त्या लढाईत आतडं सोलून निघतं. फराळात गहू नव्हता. चमत्कार एवढाच."

"मंग अम्माच्या हातात..."

"हातात काही नव्हतं. ताटात होतं."

गहू कायमचा सुटला. तनुजा चालू लागली, तेव्हा मंजुश्री तिला घेऊन उदगीरला गेली. लक्ष्मम्माने सगळं ऐकून घेतलं.

"म्हंजी मीच घालत हुते की."

"मीबी घातलं, अम्मा. चला घरी."

तनुजा तिच्याकडे झेपावली. म्हातारीने हात पदराखाली ओढून घेतले.

"नगं. परत काय झालं तर?"

ती आली नाही.

मांडव अजून भरतो. तिथे लेकरू घेऊन उभ्या राहिलेल्या आईबापांनो, गुण आला तर आधी विचारा, काय बदललं? उत्तर तपासणीतून मिळतं. त्यासाठी कुणा बाईला घराबाहेर काढावं लागत नाही.