गव्हाखालचे लिफाफे

मित्रांनो, ज्या घरात वर्षाचा गहू एकदाच भरला जातो, त्या घरात जिन्याखाली माझ्यासारखी कोणी तरी उभी असते. मी पत्र्याची जुनी कोठी आहे. माणसाच्या कमरेइतकी उंच, अंगावर तीन पट्ट्या, डोक्यावर एक झाकण. आणि एके काळचा चंदेरी रंग आता राखेसारखा झालेला. मला वाचता येत नाही, बोलता येत नाही. तरीही एका उन्हाळ्यात मी जे पोटात बाळगले, ते साडेतीन क्विंटल गव्हाहून जड होते. ते तुम्हांला सांगितल्याशिवाय गंजून जाणे मला जमायचे नाही.

पन्नास वर्षांपूर्वी वर्ध्यात अण्णाजी नावाच्या कारागिराने मला घडवले. एका शाळेत क्लार्क असलेले प्रभाकरराव आणि त्यांची नवी नवरी शकुंतलाबाई मला न्यायला आले, तेव्हा अण्णाजींनी माझ्या पोटावर टिचकी मारली आणि म्हणाले, "साहेब, इले कोरडी ठेवजा. मी मरून जाईन, पण हे तुमच्या नातवंडायले पोशीन." माझ्या आयुष्यात माझी झालेली ती पहिली स्तुती. बैलगाडीत आडवी पडून मी नालवाडीच्या भाड्याच्या खोलीत आले.

शकुंतलाबाईंचे काही नेम होते. होळी झाली की गहू घ्यायचा, तो आपल्याच ओळखीच्या शेतातला, लांबट आणि सोनेरी. तो उन्हात वाळवायचा, निवडायचा, थराथरात कडुनिंबाचा पाला घालायचा. आणि जुना गहू संपण्याआधी नवा आला पाहिजे. कोठीचे बूड कोणाला दिसता कामा नये. त्यामुळे वर्षानुवर्षे माझ्या तळाशी उजेड असा पोचलाच नाही. तिथे हळदीकुंकू लावलेला एक रुपया आहे, हे फक्त मला आणि त्यांना ठाऊक होते. पुढे त्या गेल्या, आणि ते ठाऊक असणारी मी एकटी उरले.

प्रभाकररावांचा नेम वेगळा होता. रोज सकाळी चहाआधी ते बोटाच्या पेराने माझ्या अंगावर वाजवत. जिथे गहू असतो तिथे माझा आवाज बसलेला असतो. जिथे गहू नसतो तिथे मी खणखणते. वाजवत वाजवत खाली येऊन ते सांगत, "दुसऱ्या पट्टीच्या खाली दोन बोटं." कानाने धान्य मोजणारा तो माणूस मला फार आवडे.

सहा वर्षांपूर्वी त्यांच्या मुलाने, गजेंद्रने, पिपरी मेघेत घर बांधले. जामच्या चौफुलीवर त्याचे ट्रकच्या सुट्या भागांचे दुकान होते. दुकान बरे चालत होते, म्हणून बँकेने घर गहाण ठेवून कर्ज दिले. नव्या स्वयंपाकघरात मला जागा नव्हती. गजेंद्रची बायको ज्योत्स्ना मला भंगारात द्यायला निघाली होती. प्रभाकरराव नुसते "ते राहीन" म्हणाले, आणि मी जिन्याखाली राहिले. वास्तूच्या दिवशी पेढा खात खात ते पाहुण्यांना म्हणाले होते, "आमच्या खानदानात आजवर कोणाच्या दारावर नोटीस लागली नाई." सगळे हसले होते. गजेंद्रही हसला होता. ते वाक्य त्याच्या अंगात किती खोल रुतले, हे तेव्हा कोणालाच दिसले नाही.

मग जामला रस्त्याचे काम निघाले. दुकानापुढे चर खणला गेला, ट्रक दुसऱ्या अंगाने जाऊ लागले. काम संपले तरी गिऱ्हाईक परतले नाही. हे सगळे मला पुढे कळले. दिवाळीनंतरच्या एका दुपारी गजेंद्र एकटाच घरी होता. दारात पोस्टमनची सायकल थांबली, कागद फाटल्याचा आवाज झाला, आणि थोड्या वेळाने माझे झाकण उघडले. त्याने हात माझ्यात घातला. कोपरापर्यंत, मग खांद्यापर्यंत. बोटे उघडली आणि गव्हाच्या आत काहीतरी सोडून हात परत गेला. मी आजवर धान्य गिळले होते. कागद पहिल्यांदाच.

त्यानंतर आणखी दोन आले. गहू खाली गेला की तो ते आणखी खाली दाबी. चौथा लिफाफा मार्चमध्ये आला. तो त्याने माझ्याच शेजारी, जिन्याच्या पायरीवर बसून वाचला. ओठ हलत होते, आवाज फुटत नव्हता. शेवटची ओळ तेवढी अर्धवट ऐकू आली: "…साठ दिवसांच्या आत थकबाकी न भरल्यास घराचा ताबा…"

मित्रांनो, त्या दिवसापासून माझ्या पोटात दोन गोष्टी उतरू लागल्या. एक गहू आणि दुसरे ते साठ दिवस. गहू आधी संपला असता, तर कागद दिसले असते आणि घर वाचवायला वेळ उरला असता. दिवस आधी संपले असते, तर कुलूप लावायला परकी माणसे आली असती, आणि आपले घर का जाते आहे हे घरातल्या बाकीच्यांना दारात उभे राहून कळले असते. ज्योत्स्ना दर चौथ्या दिवशी डबाभर गहू काढी. मी तिच्या हाताची वाट पाहत असे. आणखी एक डबा काढ, मी मनात म्हणे. पाहुणे बोलाव. पोळ्या जास्त कर.

होळी झाली. ज्योत्स्ना म्हणाली, "अहो, गव्हाचं पाहा ना यंदा. कोठी दुसऱ्या पट्टीच्या खाली गेली."

"भाव चढले आहे," गजेंद्र म्हणाला. "उतरू दे जरा. हाय ना अजून."

आणि मग त्याने जे केले, ते ऐकून तुम्हांला हसू येईल. मला आले नाही. जामहून परतताना तो पाच किलो सुटा गहू स्कूटरच्या डिकीत घालून आणू लागला. संध्याकाळी ज्योत्स्ना गच्चीवर मुलांची शिकवणी घेई, आणि मुलगी आचल बारावीच्या परीक्षेनंतर मैत्रिणींकडे असे. तेवढ्यात तो ते पाच किलो माझ्यात ओती. कोठीत गहू आहे तोवर नव्या गव्हाचा विषय निघणार नाही, बूड दिसणार नाही, आणि कागद दिसणार नाहीत. उधारीवर आणलेल्या गव्हाने तो कर्ज झाकत होता. तो गहू आखूड होता, तांबूस होता, त्याला कडुनिंबाचा वास नव्हता. माझ्या पोटात तो परक्यासारखा पडून राही.

ज्याला ट्रकचा नट हाताला लागताच ओळखू येई, त्याला गव्हाची जात ओळखता येत नव्हती. सगळे गहू त्याला गहूच वाटत.

सव्विसाव्या दिवशी सकाळी प्रभाकररावांनी मला वाजवले. पुन्हा वाजवले.

"सूनबाई, कोठीले बरकत आली वाटते. दहा दिवस झाले, आवाज तिथच हाय."

"आबा, तुमचे कान गेले," आचल ओट्यावरून ओरडली.

"कान गेले असतीन. बोटं नाई गेले."

गजेंद्र बूट घालत होता. लेस बांधायला त्याला नेहमीपेक्षा जास्त वेळ लागला.

त्यानंतरच्या आठवड्यात पोळ्या बिघडल्या. आचलने एक पोळी दोन्ही हातांनी ताणून पाहिली आणि विचारले, "आई, हे पोळी हाय का चप्पल?" ज्योत्स्नेने पीठ नाकाशी नेले. अडतिसाव्या दिवशी ती चक्कीवर भांडायला गेली. तिथे काय झाले ते मी तिच्याच तोंडून पुढे ऐकले. चार बायांच्या देखत ती चक्कीवाल्या प्रफुलला म्हणाली, "भाऊ, तुम्ही माहं पीठ बदलवलं." प्रफुलने तिच्याच डब्यातले मूठभर दाणे तिच्या तळहातावर ठेवले. "काकू, तुम्हीच पाहा. दोन जातीचा गहू आणता, अन् मले काऊन बोलता?"

तळहातावर अर्धे दाणे सोनेरी होते आणि अर्धे तांबूस.

ती घरी आली ती थेट माझ्याकडे. झाकण जमिनीवर ठेवले. वरचा गहू ओंजळीत घेऊन हुंगला. मग बाही सारून हात आत घातला. परक्या गव्हाचा थर संपला, कडुनिंबाचा वाळका पाला लागला, आणि त्याखाली बोटांना कागदाची कड लागली. मित्रांनो, त्या क्षणी माझे सगळे पत्रे ताठ झाले. तिने चारही लिफाफे बाहेर काढले. ती ते वाचत उभी होती. मग माझ्या अंगाला पाठ टेकून हळूहळू खाली बसली. रडली नाही.

ती उठली आणि तिने मला पूर्ण रिकामे केले.

संध्याकाळी गजेंद्र फाटकातून आत आला तेव्हा अंगणात जुन्या साडीवर गहू पसरलेला होता, वर्षाच्या भरणीला पसरतात तसा. एका बाजूला सोनेरी ढीग, दुसऱ्या बाजूला तांबूस. मधे चार लिफाफे. वैशाखाच्या वाऱ्याने उडू नयेत म्हणून प्रत्येकावर एकेक वाटी पालथी. प्रभाकरराव खुर्चीत बसून चष्म्यातून शेवटचा कागद वाचत होते. मी आडवी, तोंड उघडे, भिंतीला टेकलेली होते.

"आणले का आजचे पाच किलो?" ज्योत्स्नेने विचारले.

गजेंद्रच्या हातात पिशवी होती. ती खाली ठेवावी की धरून ठेवावी, हेही त्याला कळेना.

"बावीस दिवस उरले, गजू," प्रभाकरराव म्हणाले. "मी मोजले."

"बाबा, मी पाहून राह्यलो होतो. होऊन जाते म्हणलं काही तरी."

"लपवले कोणापासून? माह्यापासून?"

"तुम्हीच म्हणलं होतं. आपल्या दारावर कधी नोटीस लागली नाई म्हणून."

म्हाताऱ्याने चष्मा काढला. बराच वेळ तो धोतराच्या टोकाने पुसला. "तोंडात पेढा होता, गजू. पेढा असला की माणूस काहीही बोलते." मग हलक्या आवाजात, "तेवढं वाक्य तू धरून बसला. बाकी सारं आयुष्य माहं ऐकलं नाई."

आचलला हसू आले आणि त्याच हुंदक्यात रडूही आले.

"मले राग नोटिशीचा नाई," ज्योत्स्ना म्हणाली. "कर्ज दोघांच्या सहीनं घेतलं, तर त्याची धास्तीही दोघांची. पण महिनाभर मी त्या कागदायच्या वरचा गहू काढला, अन् तुम्हांले पोळ्या खाऊ घातल्या. चक्कीवर चार बायांपुढं त्या पोराले चोर म्हणलं. त्याचा हाय राग."

गजेंद्र तिथेच, गव्हाच्या कडेला खाली बसला. पहिल्यांदाच त्याने सगळे सांगितले: नऊ हप्ते थकलेले, दुकानाचे भाडे थकलेले, शटर रोज उघडतो पण गल्ला उघडावा लागत नाही. तो बोलत होता आणि ज्योत्स्ना तांबूस दाणे निवडत होती. कोणी कोणाकडे पाहत नव्हते. बहुधा म्हणूनच तो बोलू शकला.

पुढचे दिवस सोपे गेले असे मी म्हणणार नाही. आवाज चढले. आचलला नागपूरला वसतिगृहात राहून शिकायचे होते. त्यासाठी प्रभाकररावांनी बँकेत ठेवलेली रक्कम मोडण्यावरून सासरा-सून दोन दिवस अबोला धरून होते. "मामाजी, तिच्या शिक्षणाच्या पैशाले हात नाई लावायचा," ती म्हणे. शेवटी आचलच म्हणाली, "अर्धे मोडा. मी वर्ध्यातच शिकीन. पण मले विचारल्याशिवाय ठरवू नोका." जामच्या दुकानातला माल निम्म्या भावाने गेला. ज्योत्स्नेच्या पाटल्या गेल्या. चौघेही बँकेत गेले. तिथला अधिकारी म्हणाला म्हणे, की पहिल्या पत्राच्या वेळीच आला असतात, तर दंड एवढा चढला नसता. छप्पन्नाव्या दिवशी थकबाकी भरली गेली. घर राहिले. कर्जही राहिले.

आता पुढच्या दोन खोल्या सपना नावाच्या नर्सबाईंना भाड्याने दिल्या आहेत. जिन्याखाली त्यांची गाडी असते, म्हणून मी स्वयंपाकघराच्या दारात आले आहे, येता-जाता सगळ्यांच्या वाटेत. गजेंद्र वर्ध्यात दुसऱ्याच्या दुकानात काउंटरवर उभा राहतो. यंदा माझ्यात एकच पोते आले. भरण्याआधी मला पुसताना आचलला तळाशी तो रुपया सापडला. तिने तो आजोबांना दाखवला. त्यांनी तो ओळखला, काही वेळ मुठीत धरला आणि परत जागेवर ठेवायला सांगितला. बँकेचे कागद आता माझ्या झाकणावर असतात, उघडे, वाटीखाली.

मित्रांनो, मी म्हातारी झाले आहे. मला कोरडे ठेवा, पावसाळ्याआधी एकदा ऊन दाखवा. एवढे मी मागितले तर वावगे ठरणार नाही. पण त्याहून मोठे मागणे दुसरे आहे. तुमच्या घरी कोणी जेवताना गप्प झाले, पोळीची चव बदलली, पोस्टमन येताच कोणी घाईने उठले, तर विचारा. लहान आहात म्हणून थांबू नका. आणि विचारल्यावर जे उत्तर येईल, ते ऐकताना त्या माणसाच्या जवळ बसा.

आमच्या घरी आता दर रविवारी एक नवा नेम असतो. गजेंद्र माझे झाकण उघडतो आणि हात आत घालतो. प्रभाकरराव कान देऊन बसलेले असतात, पण वाजवत नाहीत. ओट्यावरून ज्योत्स्ना विचारते, "किती हाय?"

या रविवारी हात तळाशी पोचतो. बोटे रुपयाला लागतात आणि त्याच्यावर किती गहू उरला ते मोजतात. मग तो सगळ्यांना ऐकू जाईल असे सांगतो:

"चार बोटं."