सावडीचा सांबार

सांबाराच्या जुडीला रंभानं दातांनी गाठ मारली. गाठ सुटली. पुन्हा मारली, पुन्हा सुटली. उजवा हात प्लास्टरमध्ये, आणि डाव्याला तिनं जन्मात कधी काम सांगितलं नव्हतं. तिनं जुडी खाली आपटली आणि वाफ्यात वाकलेल्या लेकीकडे पाहिलं.

पुण्याकडे ज्याला कोथिंबीर म्हणतात, तो हा सांबार. उजाडताच उपटायचा, जुड्या बांधायच्या आणि दहाच्या आत पुलगावच्या गुजरीत, भाजीबाजारात न्यायचा. ऊन चढलं की तो मान टाकतो, मग फुकट दिला तरी कोणी घेत नाही.

आणि आज अकरा वाजता पुलगावच्याच शाळेत रक्षाचा दहावीचा पहिला पेपर होता. नववीनंतर पोर घरीच बसली होती. नाचणगावात किशोरी गट चालवणाऱ्या सरिताताईंनी तिला हुडकून काढलं, बाहेरून परीक्षेला बसवलं आणि वर्षभर संध्याकाळी समाजमंदिरात शिकवलं. रंभा विहिरीच्या पायरीवरून घसरली, ती नेमकी मागच्या आठवड्यात. आता तोडणीला एकटी रक्षाच उरली होती. काल जेवताना रंभाचा नवरा बापूराव म्हणाला होता,

"पेपर पुढच्या सालीबी येईन. सांबार नाई थांबत."

रक्षा अर्धं जेवण टाकून उठली. ताट उचलून मोरीवर गेली. तिचं ते अर्धपोटी उठणं रंभाला सोसवलं नाही. नवऱ्याचा डोळा चुकवून तिनं सरिताताईंना फोन लावला.

आणि आता बांधावर आवाज आले. पुढे सुरभी आणि स्वीटी, मागे गटातल्या आणखी चार पोरी, आणि सगळ्यांत शेवटी चप्पल हातात घेतलेल्या सरिताताई.

"ह्या काऊन आल्या?" बापूरावानं विचारलं.

"सावडीले, काका," सुरभी म्हणाली. तिनं ओढणी खोचलीसुद्धा होती.

आज आम्ही तुमच्या वावरात राबतो, उद्या तुम्ही आमच्या वावरात या, ही सावड गावात जुनीच. पण ती घराच्या कर्त्यांनी ठरवायची. पोरीबाळींनी आपापसात सावड घातल्याचं बापूरावानं कधी ऐकलं नव्हतं.

"अन् फेडन कोन?"

"रक्षा फेडन. पेपर झाले का आमच्या वावरात चना सोंगाले येईन. तवा तिले अडवू नका, म्हणजे झालं."

सावडीला आलेल्या माणसाला बांधावरून परत पाठवायची रीत नव्हती, तेव्हा बापूराव पोती आणायला वळला. सरिताताई मोठं समजावणं मनाशी घोकून आल्या होत्या. ते सगळं गिळून त्या मुकाट्यानं वाफ्यात उतरल्या.

"ताई, माती तं झटका," स्वीटी ओरडली. "गिऱ्हाईक काय मातीची चटनी करन?"

पोरी खिदळल्या. रंभाही हसली.

नऊ वाजता शेवटची जुडी बांधून झाली. बापूरावानं मोटारसायकलला दोन पोती आवळली आणि लेकीकडे न बघताच म्हणाला,

"बस मांगं. ऑटोवाला ठाई ठाई थांबते."

गाडी वळणाआड गेली तेव्हा रंभाचा जीव भांड्यात पडला. ती बांधावरच बसली आणि पोरींसमोर खुशाल रडली.

दुपारी रक्षा तिला आणायला गेलेल्या ताईंसोबत घरी आली, ती नाचतच. सगळं लिहिलं होतं तिनं, एकही प्रश्न सोडला नव्हता. बापूराव उतरत्या उन्हाला आला. एक पोतं रिकामं होतं, दुसरं तसंच भरलेलं. रंभानं पोत्याचं तोंड सोडून पाहिलं. सांबार पार मरगळला होता.

"आज गिऱ्हाईकच नोतं," तो पाय धुताना म्हणाला.

"पन बाबा, तुमी तं शाळेच्या फाटकासमोर होते," रक्षा म्हणाली. "मले खिडकीतून दिसत होते न. लिंबाखाली. एक पोतं गाडीवर तसंच. पेपर सुटल्यावर मातर दिसले नाई."

बापूराव पाय धुतच राहिला. पाय केव्हाच स्वच्छ झाले होते. रंभाला वाटलं, उठावं आणि या माणसाच्या अंगावर तांब्याभर पाणी ओतावं, इतकं तिला बरं वाटत होतं. तिनं पोतं ओसरीवर पालथं केलं आणि ढिगावर पाणी शिंपडलं.

"सांबारवड्या करतो. पोरीइले बलावजो रक्षे, ताईलेबी. पन मले एका हातानं निवडनं जमनार नाई."

बापूराव हात पुसत येऊन बसला. ढीग पुढ्यात ओढून घेतला आणि एकेक काडी निवडू लागला.

"दुसरा पेपर कधी हाय?" त्यानं ढिगातून मान वर न करता विचारलं.

"परवा."

"मंग परवा सांबार नोका तोडू," तो म्हणाला. "वांगे तोडा. वांगे लवकर सुकत नाई."