वेरासाठी तीन चमचे

बूथ

सिडकोतल्या त्या आयएसडी बूथमध्ये ओल्गा पहाटेपासून उभी होती. काचेच्या खोक्यात पंखा नव्हता. दूर परदेशी, पोल्ताव्याजवळच्या तिच्या गावाची लाइन दीड महिना लागत नव्हती. कधी घरघर, कधी नुसतीच शांतता, तर कधी भलत्याच घरातली कुणी बाई. आज लागली. भाऊ बोलला. आई गेली, पुरली, सगळं झालं. तुला फोन करत होतो, लागत नव्हता. आज चाळिसावा आहे, इथे सगळे जेवायला येतायत, तूही तिकडे

लाइन तुटली.

तूही तिकडे काय, हे तिला ऐकायची गरज नव्हती. मेल्यानंतर चाळिसाव्या दिवशी जीव घर सोडून निघतो. त्या दिवशी शिजवलेले गहू, मध आणि खसखस. घरोघरी भांडं न्यायचं. प्रत्येकानं मेलेल्याचं नाव घेऊन तीन चमचे खायचे. सूर्य बुडायच्या आत. कुणीच खाल्लं नाही तर माणूस उपाशी, अनोळखी, रस्ता न सापडलेला असा निघून जातो. आईनंच तिला हे सांगितलं होतं, आजीच्या वेळी.

नवरा अश्विन ट्रेनिंगसाठी बंगळूरला गेला होता. ओल्गाची भाषा कळणारं नाशकात तेवढं एकच माणूस होतं. तो खारकोव्हला इंजिनीअर व्हायला गेला आणि तिला घेऊन परतला, त्याला तीन वर्षं झाली. या तीन वर्षांत त्यानं तिला सारखं एकच सांगितलं होतं, धीर धर, हळूहळू कळेल सगळं.

आज हळूहळूला वेळ नव्हता.

पहिलं दार

गहू कुकरमध्ये. मध औषधाच्या दुकानातून, खसखस वाण्याकडून. भांड्यावर स्वच्छ पंचा. रडायचं नाही, भांडं नेणाऱ्यानं रडायचं नसतं. आणि बोलायचंही फार नसतं. तिच्या गावात पंचा झाकलेलं भांडं दारात आलं की सगळ्यांना कळतं.

इथेही कळलं. फक्त वेगळंच.

सगुणाबाई चाळीतली सगळ्यात म्हातारी. तिनं पंचा उचलला, वास घेतला, ओल्गाच्या लाल झालेल्या तोंडाकडे पाहिलं आणि बोळक्या तोंडानं हसली. वाटीभर मागून घेतलं, उंबऱ्यातच बसून खाल्लं, बोटं चाटली. मग उठून ओल्गाच्या गालांवरून हात फिरवला आणि आपल्या कानशिलावर कडाकडा बोटं मोडली.

ओल्गाला वाटलं, इथली माणसं असा शोक करत असतील. हसून. तिनं बिचारीनं मान खाली घातली. आणि मान खाली घातलेली सून म्हणजे

दुसरं दार

विमलाबाईनं दार उघडलं तेव्हा मागच्या गल्लीतून सगुणाबाईचा आवाज पुढे पोचलेलाच होता. विमलाबाईनं भांडं खालीच ठेवायला लावलं, वजन उचलू नकोस म्हणाली. ओल्गाच्या पोटावर अलगद हात ठेवला. कितवा, असं बोटांनी विचारलं.

तेव्हा ओल्गाला कळलं. तीन वर्षं मूल नसलेली सून दारोदार गोड घेऊन फिरते, याचा या गल्लीत एकच अर्थ होता. तिनं तोंड उघडलं. मराठी शब्द तिला येत होते. आई गेली. दोनच शब्द. पण ते बाहेर आले असते तर त्यांच्यामागून ती सगळीच बाहेर आली असती, या मोरीपाशी, या बाईच्या अंगावर. तिनं तोंड मिटलं. विमलाबाई चप्पल घालून सांगायला धावली.

तिसरं दार

तिसऱ्या दारात चौघीजणी जमल्या होत्या. पाट मांडला होता. कुणीतरी नारळ आणला होता. तिला बसवलं. भांडं मधोमध. एकीनं चमचा तोंडात घातला आणि डोळे मिटून वा म्हणाली.

"बाळ नाही," ओल्गा म्हणाली. "आई मेली."

कुणी ओरडलं नाही, रागावलंही नाही. जिच्या तोंडात चमचा होता तिनं तो काढून खाली ठेवला. उठली, मोरीत जाऊन चूळ भरली, हात धुतले. मग दुसरीनं. नारळ आत गेला. भांड्यावर पंचा परत घालून ते ओल्गाच्या पुढे सरकवलं गेलं, अगदी हळू, तापलेलं असावं तसं. मयताच्या घरचं, आणि त्यात गोड. कुणी खाणार नव्हतं. ती खाणाखुणा करत राहिली, तीन चमचे, फक्त तीन. बायका एकमेकींकडे बघत होत्या. शेवटी दोघींनी तिला दोन्ही दंडांना धरून घरी आणून सोडलं.

मधलं

ऊन भिंतीवरून सरकत होतं. ओल्गा भांडं मांडीवर घेऊन बसली आणि त्या उन्हाच्या कडेकडे बघत राहिली. ते कपाटाच्या कुलपापर्यंत आलं. कुलपावरून उतरलं.

तिनं स्वतः एक चमचा खाल्ला. दुसरा भरला आणि परत भांड्यात रिकामा केला.

आपलं दार

सासू चांगुणा गंगेवर, गोदावरीच्या काठी, भाजी विकायला बसायची. ती रोज संध्याकाळी यायची, आज दुपारीच आली, जवळजवळ धावत. पदरात चिंचा होत्या. तिला वाटेतच कुणीतरी पहिली बातमी दिली होती. दुसरी देण्याची कुणाची छाती झाली नव्हती.

तीन वर्षांत चांगुणा सुनेकडे बघून अशी हसली नव्हती. ती हसत असतानाच ओल्गाला ते दोन शब्द पुन्हा बोलावे लागले. हे सगळ्यात वाईट होतं.

चांगुणानं पदर सोडला. चिंचा फरशीवर पडल्या. ती त्या एकेक करून वेचत राहिली, फार वेळ, सगळ्या वेचून झाल्यावरही हात फरशीवर फिरत होता. मग तिनं तोंड धुतलं, बुद्धाच्या तसबिरीपुढे मेणबत्ती लावली आणि दार सताड उघडून दगड लावला.

"बस," ती म्हणाली. "आपण दारोदार जायचं नसतं सूनबाई. लोक येतेत."

"आज खायला पाहिजे. सूर्य जाईल."

"खाणार नाय कुणी. मयताच्या घरात पाणी पन पीत नाय. बस तू."

ओल्गानं भांडं उचललं, उठली. चांगुणानं तिचा हात धरला. ओल्गानं झटकला. चांगुणानं परत धरला. सासूच्या हाताला मेथीचा वास होता. असं दोनतीनदा झालं आणि मग ओल्गानं हात झटकला नाही. ती बसली.

लोक आले खरे. एकेक बाई यायची, भिंतीला टेकायची, पदर तोंडावर घ्यायची, गप्प बसायची, जायची. विमलाबाईनं पिठलं-भाकरी आणून ठेवली, कारण या घरात आज चूल पेटणार नव्हती. तिनं ओल्गाकडे पाहिलं नाही. कुणीही भांड्याकडे पाहिलं नाही. ओल्गाला ओरडावंसं वाटत होतं. तुम्ही आलात ना, मग खा. बसता कशाला नुसत्या?

दाराबाहेरच्या विजेच्या खांबावर लाल ऊन उरलं होतं.

सगुणाबाई सगळ्यात शेवटी आली, काठी टेकत. ती भिंतीला टेकली नाही. ओल्गाच्या समोर, गुडघ्याला गुडघा लावून बसली.

"मी खाल्लं सकाळी," ती म्हणाली. "वाटीभर. पन हसत खाल्लं पोरी. चालंल का ते?"

ओल्गाला माहीत नव्हतं. असं कधी कुठं झालं होतं? हे सांगू शकणारी एक आईच होती आणि तीच तर

"काय नाव तुझ्या आईचं?"

तीन वर्षांत हे कुणी विचारलं नव्हतं.

"वेरा."

"आन् किती चमचे म्हनतीस?"

ओल्गानं तीन बोटं वर केली.

सगुणाबाईनं भांड्याला हात लावला नाही. तिनं डोळे मिटले. "वेरा," म्हणाली आणि रिकामं तोंड चावायला लागली, दात नसलेल्या हिरड्यांवर सकाळचे गहू परत आल्यासारखी. गिळलं. "वेरा." चावलं. गिळलं. तिसऱ्यांदा तिला ठसका लागला आणि तिनं तो दाबला.

चांगुणा मेणबत्तीकडे तोंड करून बसली होती. तिचेही ओठ हलत होते. ती वंदना म्हणत होती की विहिणीचं नाव घेऊन चावत होती, ते मागून कळत नव्हतं.

ओल्गानं दाराबाहेर पाहिलं. खांबावर आता काहीच नव्हतं. ऊन नेमकं केव्हा गेलं, म्हातारीच्या दुसऱ्या घासाला की तिसऱ्या, हे तिनं पाहिलं नव्हतं. भांडं तिच्या मांडीवर भरलेलंच होतं आणि तळाशी अजून कोमट लागत होतं.