धुऱ्यावरचा हिवर

मित्रांनो, मी एक जुना हिवर आहे, बाभळीच्या जातीचं झाड. आमच्या हिवरखेड गावाच्या नावातला हिवर तो मीच, असं मी पाखरांना सांगतो. ती भली आहेत, ऐकून घेतात.

मला कुणी लावलं नाही. शेळीने खाल्लेल्या शेंगेतलं बी खुशालराव आणि गोवर्धन यांच्या शेतांमधल्या बांधावर, आमच्याकडच्या भाषेत धुऱ्यावर, पडलं, आणि मी काळ्या मातीत रुजलो. दुपारी शिदोरी सोडायची वेळ झाली की मी दोघांचा. माझ्या सावलीत कपाशी खुरटली की मी दुसऱ्याचा! पावसाळ्यात सुगरणी माझ्या फांद्यांना खोपे टांगत. आणि एका वर्षी खुशालरावांच्या सत्यवतीबाईंनी माझ्या खालच्या फांदीला लुगड्याची झोळी बांधली. त्या निंदण करत आणि मी त्यांच्या शुभमला झुलवत असे. माझ्या आयुष्यातलं ते सगळ्यांत आवडतं काम.

आमच्याकडे एक खोड आहे. पेरणीआधी धुरा साफ करायचा म्हणजे वाळल्या गवताला काडी लावायची. आजा लावायचा, बाप लावायचा, म्हणून खुशालरावही लावत. दरवर्षी पोळून माझ्या बुडाशी ढोली पडली. गेल्या उन्हाळ्यात वारा फिरला आणि विस्तव त्या ढोलीत शिरला. गवत विझलं, खुशालराव घरी गेले, मी मात्र आतून जळत राहिलो. आम्हा झाडांना ओरडता येत नाही, मित्रांनो. फार भीती वाटली.

सकाळी कपाशीच्या वाळल्या पऱ्हाट्या गोळा करायला आलेल्या सत्यवतीबाईंना धूर दिसला. खुशालराव मागेच होते.

"जुनं झाड हाय, पडलं त पडलं," ते म्हणाले. "चुलीले सरपन होईल."

"चुलीले?" बाई कडाडल्या. "मी निंदून राहायची तवा तुमचं लेकरू यानंच सांभाळलं. नुसतं पाहून काहून राहिले? फवारनीचा पंप आना!"

खुशालरावांना पळताना मी पहिल्यांदाच पाहिलं. पंप विहिरीच्या पाण्याने भरून त्यांनी पाठीवर घेतला आणि ढोलीत धार सोडली. गोवर्धनभाऊही आपला पंप घेऊन धावले. झाड कुणाचं, हे त्या दिवशी कुणी विचारलं नाही. विस्तव विझल्यावर बाईंनी ढोलीत ओली माती थापली.

पुढे ग्रामसभेत धुरे न जाळायचं ठरलं, तेव्हा पहिला हात खुशालरावांचा वर गेला म्हणे. आता ते विळ्याने गवत कापून शेतातच पसरतात. पाठ दुखते म्हणून कुरकुरतातही.

माझी एक बाजू वाळली, पण ती खालची फांदी हिरवी आहे. आज शुभमची लेक शेतात आली. झोळी खुशालरावांनीच बांधली आणि आधी स्वतः लोंबकळून पाहिलं. मीही सगळा जोर लावून फांदी धरली.

मित्रांनो, धुऱ्याला काडी लावण्याआधी एकदा आमच्याकडे पाहा, आणि विळा हातात घ्या. आता मला बोलायला वेळ नाही. पोरीचा नुकताच डोळा लागलाय, झोळी हलती ठेवायला हवी.