फळ्यावरचे पस्तीस

पहिल्या दिवशी फक्त गप्प बसायचं होतं. मागच्या बाकावर बसून बघायचं आणि वहीत टिपून ठेवायचं. अध्यापक कॉलेजातून तसं बजावूनच पाठवलं होतं. आता गप्प बसायला काय अक्कल लागते, असं तुम्ही म्हणाल. लागते हो! आणि नेमकी तीच आमच्या छोट्या बाईंकडे नव्हती. छोट्या बाई हे नाव तिसरीच्या पोरांनीच ठेवलं. त्यांना शिकवतात त्या बाई, आणि शिकायला आलेल्या या छोट्या बाई.

चार बहिणींतल्या या थोरल्या. धाकट्यांपैकी कुणी दूध सांडलं, कप फोडला, की आईची नजर पडायच्या आत या फडकं घेऊन हजर. "तिचं तिला निस्तरू दे की गं," असं आई सांगून थकली, पण खोड काही गेली नाही.

तर बाईंनी फळ्यावर वजाबाकी मांडली. बावन्नातून सत्तावीस गेले. उत्तर लिहिलं पस्तीस.

छोट्या बाईंनी वहीत करून बघितलं, तर पस्तीस काही येईनात. पंचवीस वर्षं शिकवणाऱ्या बाईंची अशी चूक! पोरं माना खाली घालून खुशाल उतरवून घेत होती. इतक्यात मधल्या सुट्टीची घंटा झाली. बाई हातावरचा खडू झटकत ऑफिसात गेल्या, पोरं मैदानात पळाली. वर्ग रिकामा झाल्यावर छोट्या बाई उठल्या, बोटाने तीन पुसला आणि तिथे दोन लिहिला. बाईंची अब्रू वाचवली म्हणून मनातून जरा खूशच झाल्या.

सुट्टी संपली. "आता फळ्याकडे नीट बघा हं," असं म्हणत बाई वळल्या आणि पंचवीस बघून थबकल्याच. मग त्यांनी मुलांना चित्र काढायला सांगितलं आणि मागच्या बाकाशी आल्या.

"तू पुसलंस?" त्यांनी हळूच विचारलं.

"हो बाई. कुणाच्या लक्षात यायच्या आत म्हटलं..."

"अगं माझे आई!" बाई त्या एवढ्याशा बाकावर मटकन बसल्या. "रोज एक चूक मी मुद्दाम करते. ज्याला सापडेल त्याने हात वर करायचा. आजची चूक त्या खिडकीपाशी बसलेल्या मुलीसाठी होती."

खिडकीपाशी एक किडकिडीत मुलगी नाक वहीला टेकवून चित्र काढत होती.

"वर्ष निम्मं सरलं, पण तिने एकदाही हात वर केला नाही. चार दिवस शाळा सुटल्यावर तिला बटणं मांडून हीच वजाबाकी शिकवतेय मी. घंटा झाली तेव्हा तिचा हात कोपरापर्यंत आला होता. सुट्टीनंतर पुरता वर येईल म्हणून तर चूक तशीच ठेवली होती. तुला आधी सांगायला हवं होतं, पण तू आज गप्प बसणार होतीस ना!"

छोट्या बाईंचं तोंड एवढंसं झालं. "आता तिला काय वाटेल?"

"आपल्यालाच चुकीचं दिसलं, असं वाटेल. उद्या मी दुसरी चूक करीन, पण उद्या ती कोपरसुद्धा उचलेल की नाही, देव जाणे."

हे मात्र छोट्या बाईंना फार लागलं. स्वतःचाच असा राग आला की विचारू नका. भलं करायला गेलो आणि एका पोरीचं मोठं नुकसान करून बसलो!

"बाई, मी वर्गाला खरं सांगू?"

"पहिल्याच दिवशी? चाळीस पोरांपुढे? वर्षभर विसरणार नाहीत ती. बघ बाई, तुझं तू ठरव."

छोट्या बाई उठल्या. फळ्यापाशी जाऊन त्यांनी दोन पुसला आणि पुन्हा तीन लिहिला.

"मुलांनो, सुट्टीआधी इथे पस्तीस होते. कुणाला न विचारता मी ते बदलले. माझं चुकलं. आता सांगा, यातली चूक सुट्टीआधीच कुणाला दिसली होती?"

कुणीतरी फिसकन हसलं. छोट्या बाई मुद्दामच खिडकीकडे बघत नव्हत्या, पण जीव सगळा तिकडेच. आधी कोपर हललं. मग बोटं कानापर्यंत आली. मग अख्खा हात वर गेला.

"पाचातला एक दशक सुटा केला ना," ती मुलगी पुटपुटली. "मग चारच उरतात. चारातून दोन गेले, दोन."

"अगदी बरोबर! मग सुट्टीनंतर बोलली का नाहीस? आपल्यालाच चुकीचं दिसलं, असं वाटलं का?"

"नाही. मला बरोबरच दिसलं होतं." तिने एकदा मागे बाईंकडे बघितलं, एकदा छोट्या बाईंकडे. "मी दारातच होते. तुम्ही पुसताना बघितलं. बाईंना सांगितलं असतं तर त्या तुम्हाला ओरडल्या असत्या. तुमचा पहिलाच दिवस आहे ना."

छोट्या बाईंच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. त्यांनी फळ्याकडे वळून तीन पुसला आणि पुन्हा दोन लिहिला.

हात अजून वरच ठेवून ती मुलगी म्हणाली, "हात आता खाली घेऊ का?"