चार दिवसांचा खाडा

मित्रांनो, मी आहे एक जुनी चंची. पान-सुपारी ठेवायची कापडी पिशवी, चार कप्प्यांची, वरून नाडीनं आवळायची. बाहत्तरच्या दुष्काळात धारूरकडच्या एका गावात दगडाबाईनं चोळीच्या उरलेल्या खणातून मला शिवलं. ती तेव्हा दुष्काळी कामावर खडी फोडत होती. भूक लागली की सुपारीचं खांड दाढेत धरायची आणि माझी नाडी आवळायची. चाळीस वर्षं मी तिच्या कमरेला मिरवले. चारचौघींत माझं कौतुक व्हायचं, खोटं कशाला बोलू?

मग दगडाबाईचे दात गेले, सुपारी सुटली आणि मी खुंटीवर धूळ खात लटकले. तेवढ्यात घरावर निराळंच संकट आलं. दगडाबाईची सून भिवराबाई एकटीच बोलू लागली. कोरड्या आडातून कुणीतरी आपल्याला शिव्या देतंय, असं म्हणायची आणि कानात बोटं घालून बसायची. अंगारे झाले, धुपारे झाले, गुण काही येईना. शेवटी तिचा नवरा रामहरी तिला सरकारी दवाखान्यात घेऊन गेला. हा मनाचा आजार आहे आणि औषधानं आटोक्यात राहतो, असं तिथं कळलं. रोज जेवण झालं की एक गोळी. दीड महिन्यात आडातले आवाज थांबले. भिवराबाई पुन्हा हसू लागली. गोळ्यांची पाकिटं ठेवायला दगडाबाईनं मला धुतलं आणि सुनेच्या हवाली केलं. मला तर स्वर्ग दोन बोटं उरला!

दिवाळी झाली की आमच्याकडची माणसं ऊस तोडायला निघतात. नवरा-बायकोच्या जोडीला तिथं कोयता म्हणतात. दोघांतलं एक जरी कामाला चुकलं तरी खाडा पडतो, आणि पडलेला खाडा पुढं जादा राबून भरून काढावा लागतो. हा रिवाज ऊसतोड्याच्या हाडीमाशी खिळलेला असतो. त्यानंच आमचा घात केला.

त्या वर्षी पावसानं दडी मारली होती. सहकारी कारखान्याचे सभासद पुष्कळ, पण शिवारात ऊस विरळ. आठ दिवसांत उसाचा एक फड तोडून संपायचा आणि मुकादम टोळीला दुसऱ्या गावाला हलवायचा. अशाच एका हलवाहलवीत मी भांड्यांच्या बोचक्यात बांधली गेले आणि ते बोचकं चढलं भलत्याच टोळीच्या ट्रॅक्टरवर. चार दिवस मी परक्या कोपीत, म्हणजे पाचटाच्या झोपडीत, पडून होते. पाचव्या दिवशी दुपारी आमच्या शेजारच्या कोपीतल्या छबुबाईनं मला शोधून आणलं.

भिवराबाई फडातून येऊन नुकतीच जेवली होती. रामहरीनं माझी नाडी सोडली, पाकीट काढलं आणि तळहातावर पाच गोळ्या काढल्या.

"एवढ्या कावून?" भिवराबाईनं विचारलं.

"चार दिसाचा खाडा पडलाय. त्या चार अन् आजची एक. खाडा भराया नको का?"

तिला ते पटलं. तिथल्या कुणालाही पटलं असतं. मला तोंड असतं तर मी ओरडले असते, पण कापडाच्या जातीला ते कुठलं? पाण्याच्या दोन घोटांबरोबर पाचही गोळ्या पोटात गेल्या.

दिवस मावळायच्या आतच तिची जीभ जड झाली. मग मान डाव्या खांद्याकडं वळू लागली आणि वळतच गेली. डोळे वर चढले. जबडा अडकला, हातपाय लाकडासारखे ताठ झाले. मित्रांनो, खडीखाली चेचलेली बोटं मी पाहिलीत, पण जितंजागतं माणूस असं आखडताना कधी पाहिलं नव्हतं.

कोपीपुढं माणसं जमली. "अंगात आलंय," एकजण म्हणाला. कुणी लिंबू आणलं. दुसरा तर तिच्या उशाशीच बोलला, "ही काय जगत न्हाई. रामहरी, कोयता मोडला बे तुझा. दुसरी बघ आता." रामहरीची पाचावर धारण बसली होती. त्याच्या तोंडून हूं की चूं निघालं नाही.

छबुबाई तेवढी भानावर होती. "लिंबू ठिवा तिकडं! गोळ्या खाल्ल्यात तिनं. ही चंची संगं घ्या, डाक्टरला दावा, अन् निघा बिगीनं!"

मुकादमाच्या जीपमध्ये रामहरीनं मला मुठीत चिरडून धरलं होतं. दवाखान्यात डॉक्टरांनी पाकिटावरचं नाव वाचलं. "किती दिल्या?"

"पाच."

डॉक्टरांनी लगेच आखडलेलं अंग सैल करणारी सुई टोचली. थोड्या वेळानं मान हळूहळू सरळ झाली.

"ही गोळी म्हणजे फडावरची हजेरी नाही," डॉक्टर म्हणाले. "चुकली तर चुकली, राहिलेली पुढच्या गोळीबरोबर द्यायची नाही. सलग काही दिवस चुकली, तर पुन्हा कशी सुरू करायची ते आधी आम्हाला विचारा. आणि आता घाबरून बंद करू नका, आजार उलटेल."

तेवढ्यात भिवराबाईचं तोंड मोकळं झालं. ती रामहरीकडं बघून म्हणाली, "मला समदं ऐकू येत व्हतं."

आम्हाला वाटलं होतं की ती शुद्धीत नाही!

"त्यो म्हनला, दुसरी बघ," ती म्हणाली. "अन् तुमी गप बसलात."

रामहरीनं मान खाली घातली.

तिसऱ्या दिवशी डॉक्टरांनी पहिल्यापेक्षा हलकी गोळी सुरू केली. रामहरीनं ती हातावर धरली, आणि भिवराबाई खाटेवर भिंतीपर्यंत मागं सरकली. सुईनं मान सरळ झाली खरी, पण हे भय कोणत्या सुईनं जायचं? गोळी नाही घेतली तर आवाज परत यायचे. घ्यायची, तर ती याच हातातून.

बाळांनो, घरात कुणाला औषध चालू असेल तर एवढं माझं ऐका. चुकलेलं औषध आपल्या अकलेनं भरून काढू नका. ते चुकू नये म्हणून जपा, आणि चुकलंच तर डॉक्टरांना विचारा, विचारण्यात लाज कसली? आणि आजारी माणूस बोलत नाही म्हणून त्याच्या उशाशी वाटेल ते बरळू नका. त्याच्या बाजूनं बोलायची वेळ तेव्हाच असते.

रामहरी हात तसाच पुढं धरून बसला होता. त्यानं बळजबरी केली नाही.

"एकच हाय?" तिनं विचारलं.

"एकच हाय."

"दुसरा हात दावा."

त्यानं दुसरी मूठ उघडली. ती रिकामी होती. तरीही तिनं बराच वेळ त्या हाताकडं पाहिलं आणि मग गोळी उचलली.